जिन्यातली चार आवर्तनं

१२ फेब्रुवारी

बारक्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे तसंच कचऱ्यात टाकणार असशील तर निदान फाडू नकोस. ताईला वाचू दे. तू राहतोस तिथून दोन गल्ल्यांवर ती राहते ती काय उगाच? आपल्या दोघांच्या भानगडीत नाक खुपसल्याशिवाय तिला आयुष्यात कधी चैन पडलेली नाही. फोनच केला असता, पण आई गेली तेव्हा केला होता आणि माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास. या वयात तो अपमान पुन्हा करून घ्यायची माझी तयारी नाही.

कामाचं लिहितो. मी पुन्हा छोट्या संचात रेकॉर्डिंग करतोय. चौघंच. ट्रम्पेट, पियानो, बास, ड्रम. अठ्ठावीस वर्षं हॉटेलच्या मोठ्या बँडमध्ये काढली, सोळा जणांत, मागच्या रांगेत. पगार वेळेवर, कोट त्यांचा, आणि मी एखादा दिवस नुसतं तोंड हलवलं तरी कुणाला पत्ता लागत नसे. आता त्यांनी मला मोकळं केलं, म्हणजे काढलं. मग खांब म्हणाला, मरायच्या आधी एकदा चौघांत वाजवू या. खांब म्हणजे आपला बासवालाच रे. पाठीत वाकलाय, पण नाव तेच चालू आहे.

तारीख नऊ एप्रिल, सकाळी दहा. सहा धुना आहेत. शेवटची ‘जिन्यातलं’. ती तुझ्याशिवाय होणार नाही. म्हणजे होईल, पण होणार नाही, कळतंय ना तुला? पोरवयात बसवली तशीच आहे ती: मी आपल्या जिन्यात वरच्या पायरीवर, तू तळमजल्यावरच्या, आपल्याला शिकवणाऱ्या मास्तरांच्या पियानोवर, मधली दारं उघडी. मी वरून वाजवत वाजवत यायचं, मग सगळ्यांनी गप्प. चार मात्रांचं एक अशी चार आवर्तनं तुझी एकट्याची. सोळा मात्रा. आणि मी कधी म्हणून सोळापर्यंत दम धरला नाही. दहा-बारा झाल्या की फुंकलंच. तू खालून बोंबलायचास, “दादा, मोज ना!”

कॅसेटवर ती तुझी आवर्तनं आली नाहीत, कारण टेप खराब झाली. एकतीस वर्षं झाली त्याला. जुनी यंत्रं होती, कुणाचा दोष नव्हता. आता सगळं कॉम्प्युटरवर असतं, काही म्हणून हरवत नाही. तेव्हा ये. पियानो बरा आहे. सुरात नसेल तर तूच लावून घे, तुझा धंदाच आहे तो.

दादा

२ मार्च

बारक्या,

अठरा दिवस झाले. सोळा मोजून वर दोन. मी सुधारलोय बघ.

तालमी सुरू झाल्या. खोली एका गोदामाच्या वर आहे. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, जमिनीवर चिकटपट्टीने चार फुल्या मारल्यात, ज्याने त्याने आपापल्या फुलीवर राहायचं. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. दहा मिनिटांत सगळे घामाघूम. रेकॉर्डिंगला बसते ती मुलगी काचेपलीकडे मजेत असते, तिच्याकडे पंखा आहे.

मधल्या काळात माझा समोरचा दात गेला, हे तुला ठाऊक नसेल. ट्रम्पेटवाल्याचा समोरचा दात म्हणजे काय ते तुला सांगायला नको. दातांच्या डॉक्टरने खोटा बसवून दिला. छान दिसतो, फोटोत हसायला उत्तम. पण ओठ ज्यावर टेकायचा ती जागाच बदलली, आणि ओठ मेला अजून जुनं घर शोधतोय. वीस मिनिटं नीट वाजतं, पुढे नुसती हवा येते. हे मी संचातल्या कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगतोय कारण तू कुणाशी बोलत नाहीस.

पियानोवर तात्पुरती एक मास्तरीणबाई बसवली आहे. शाळेत गाणं शिकवते, पोरांवर ओरडून ओरडून घसा बसलाय, पण हात गोड आहे. तात्पुरती हं. तू आलास की उठायचं, असं तिला पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं. तिला राग आला असेल तर तिने दाखवला नाही.

काल ‘जिन्यातलं’ काढलं. मी आपला जुना कागद तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा वर केला आणि विचारलं, “इथे पियानोला चार आवर्तनं एकट्याला आहेत. कॅसेटवर तर नाहीत. मी ती कॅसेट कॉलेजात असताना पाठ केली होती, सर.” मी म्हटलं, टेप खराब झाली होती. खांब तेव्हा बासच्या तारा पुसत होता. त्याचा हात थांबला, मग परत पुसायला लागला. त्याचं ते न बोलणं तुला माहीत आहेच.

बारक्या, यायचं नसेल तर नाही म्हणून कळव. मी काय रोज पोस्टमनच्या वाटेवर डोळे लावून बसू? एका ओळीचं कार्ड टाकायला काही हात झिजत नाहीत कुणाचे.

दादा

१९ मार्च

बारक्या,

ताईचा फोन आला होता.

दोन वर्षं झाली म्हणे. उजवी बाजू. पाय काठीवर चालतो, हात चालत नाही. दुसऱ्याचा पियानो सुरात लावता लावता खुर्चीवरून घसरलास, आणि त्या घरच्या लोकांना वाटलं तू खाली वाकून काहीतरी बघतोयस. दोन वर्षं मला कुणी सांगितलं नाही. तू नको म्हणालास असं ताई म्हणाली. बरोबरच आहे, मी कोण लागून गेलो?

आणि मी तुला काय लिहिलं, हात झिजत नाहीत. ते ताईने तुला मोठ्याने वाचून दाखवलं. मी तिच्यावर ओरडलो, म्हटलं, तेवढं एक वाक्य गाळायचंस की. ती म्हणाली, “गाळायची सवय तुझी, माझी नाही.”

म्हणजे तिला माहीत आहे. मला वाटतं सगळ्यांनाच माहीत आहे, खांबाला, तिला, तुला तर पहिल्या दिवसापासून. फक्त मीच एकतीस वर्षं टेप खराब टेप खराब करत फिरतोय. आता माझ्याच अक्षरात लिहून देतो.

टेप खराब झाली नव्हती. मी कापायला लावली.

त्या दिवशी ‘जिन्यातलं’ दुसऱ्याच टेकला लागलं. मी वरच्या स्वरांवरून वाजवत खाली आलो, सगळे थांबले आणि तू सुरू केलंस. आई भांडी घासताना जे गुणगुणायची ते तू उचललंस. तिला धड चालही नव्हती, दोनतीन स्वर पुढेमागे. शेवटचा स्वर तर तू लावलाच नाहीस, नुसता हात वर धरून ठेवलास. खांबाने डोळे मिटले होते. त्यानंतर मी आत आलो. चांगलं वाजवलं मी, एकही चूक नाही. पण ऐकायला बसलो तेव्हा माझं मलाच ऐकवेना. तुझ्यानंतर माझं वाजवणं म्हणजे पाहुण्यांसमोर इंग्रजी झाडल्यासारखं वाटत होतं. ती चार आवर्तनं मध्ये नसती तर कुणाला काही वाटलं नसतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या आधी गेलो. रेकॉर्डिस्टला म्हटलं, हे मधलं काढ, धून लांबतेय. तो म्हणाला, “मधलं तर बारक्याचं आहे.” मी म्हटलं, काढ, कुणाला कळणारसुद्धा नाही. त्याने पात्याने कापलं, दोन टोकं जोडली. वीसेक फूट टेप जमिनीवर पडली. हे ठेवू का, असं त्याने विचारलं. मी नको म्हणालो. तू त्याला जाब विचारायला गेलास तेव्हा त्याने माझी बाजू राखली आणि टेपचं सांगितलं. मरेपर्यंत तेच सांगत राहिला. कितीतरी वर्षांनी मी एकदा त्याच्याकडे त्या तुकड्याची चौकशी केली होती. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी चहाही न घेता निघालो.

मला तुझा मत्सर वाटला. चार शब्दांचं काम होतं. इतकी वर्षं जमलं नाही.

ताईकडे कॅसेट लावली तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तू आईला मुद्दाम यंत्राजवळच्या खुर्चीवर बसवलंस, तिला कमी ऐकू यायला लागलं होतं म्हणून. जागा जवळ आली तसं तू बोट वर केलंस. “आता ऐक हं आई. आता.” आणि माझा ट्रम्पेट आला. तुझं बोट तसंच वर. आईला काही कळलं नाही. ती तुझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “छान वाजवलंस हो.” तू बोट खाली घेतलंस आणि हो म्हणालास. मी समोर कप घेऊन बसलो होतो, कपात बघत. तेव्हा बोललो असतो तरी चाललं असतं. नंतर ताईच्या जिन्यात तू मला विचारलंस तेव्हा बोललो असतो तरीही. खूप संधी दिल्यास तू मला.

आता ये म्हणत नाही. कोणत्या तोंडाने म्हणू? पण ती जागा मी मोकळी ठेवणार आहे. चार आवर्तनं, कुणी काही वाजवायचं नाही. मास्तरीणबाईंना सांगितलं, तेवढ्यात हात मांडीवर ठेवायचे. त्या म्हणाल्या, “बरं.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “तुम्हाला जमेल का सर?”

दादा

१० एप्रिल

बारक्या,

झालं काल. सीडी ताईच्या पत्त्यावर पाठवतोय, ती तुला लावून देईल. ऐकायची की नाही ते तू ठरव.

पाच धुना बऱ्या झाल्या. ड्रमवाला नवा आहे पण समजूतदार, काठ्यांऐवजी तारांच्या कुंचल्याने वाजवतो, कुठे आदळआपट नाही. खांबाची बोटं जाड झालीत, वेग गेला. पण आता तो जे गाळतो त्यातच जास्त ऐकू येतं. मास्तरीणबाई तात्पुरत्या नाहीत, हे मी त्यांना काल सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, “मला माहीत होतं.” या घरात मला सोडून सगळ्यांना सगळं माहीत असतं.

‘जिन्यातलं’ शेवटी घेतलं. चूक झाली ती मी केली, शहाण्याने ही धून पहिली घेतली असती. पहिल्या टेकला मी वरच्या स्वरांवरून खाली आलो, तिघं थांबले, आणि मी थांबलोच नाही. शेवटचा स्वर धरून ठेवला, संपेचना. पुढे ती शांतता होती रे. दुसऱ्या टेकला स्वर सोडला, पण लगेच एक बारीकशी ओळ घातली. आईचीच. म्हटलं, बारक्याची आठवण म्हणून. खांबाने बास भिंतीला टेकवून ठेवला आणि म्हणाला, “त्याच्या जागेत बसू नकोस.” बस, एवढंच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाहेर गॅलरीत जाऊन आलो. परत आल्यावर ट्रम्पेटमध्ये साचलेलं थुंकीचं पाणी काढलं, जेवढं होतं त्याहून जास्त वेळ लावून.

तिसऱ्या टेकला थांबलो.

इथे मला लिहिता आलं असतं की मी तुझ्यासाठी थांबलो. खरं म्हणजे पत्राचा पहिला कागद मी तसाच लिहिला होता, फाडला. तू ऐकलंस की तुला कळेलच. शेवटचा स्वर उतरलाय, कडेला हवा येतेय. ओठ संपला होता, बारक्या. आतून दाताने कापला, तोंडात रक्ताची चव आली आणि वाजेचना. मी मोठ्या मनाने गप्प बसलो नाही. मला गप्प बसवलं.

पण बसलो. हे खरं आहे की बसलो. पहिल्यांदाच तिथे उभा राहून मी ती जागा ऐकली. खांबाची खुर्ची कुरकुरली, खालच्या गोदामात कुणीतरी खोका ओढला. आणि माझ्या कानात तुझं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाजलं, तो न लावलेला स्वरसुद्धा. मग ओठात जे काही शिल्लक होतं ते घेऊन आत आलो. पुढचं वाईट वाजवलंय. तसंच ठेवलंय. काचेपलीकडच्या मुलीने विचारलं, शेवट पुन्हा घेऊ या का? मी म्हटलं, शेवट राहू दे, आता माझ्यात नाही.

दातांचा डॉक्टर आज सकाळी ओरडला. ओठाला टाके घातलेत. यापुढे वाजेल का म्हणून विचारलं तर म्हणाला, “कशाला?” त्याचं वय कमी आहे.

चार आवर्तनं तुझी आहेत. रिकामी आहेत, पण यावेळी कुणी कापलेली नाहीत.

दादा

६ मे

बारक्या,

तुझं कार्ड आलं.

पोस्टमनकडून घेतलं तेव्हा मला वाटलं कुणा लहान मुलाने चुकून माझ्या पत्त्यावर टाकलं. एवढी मोठी अक्षरं, उतरत उतरत कोपऱ्यात गेलेली. मग लक्षात आलं, डावा हात. किती वेळ लागला असेल तुला? आणि लिहिलंस काय तर एवढंच: ‘दादा, तीनच आहेत. मोज ना.’

मी आधी चिडलो. तुझी शपथ, खरंच चिडलो. म्हटलं, ओठ फुटेस्तोवर वाजवलं आणि हा तिकडे बसून चुका काढतोय. मग सीडी लावली, टेबलावर बोट ठेवलं आणि मोजलं. बारा. पुन्हा लावली. बारा. चार वेळा मोजलं. तेराव्या मात्रेला मी आत. एक अख्खं आवर्तन आधी!

हसू आलं मला. खोलीत एकटाच हसत होतो मोठमोठ्याने, आणि मग ते हसू भलतीकडेच गेलं. खालची शेजारीण दार वाजवायला आली तोपर्यंत सदऱ्याची बाही भिजली होती.

खांबाला फोन केला. म्हटलं, तुला कळलं होतं? “हो.” मग तू तेराव्याला माझ्याबरोबर आत कसा आलास? म्हणाला, “तू लवकर येणार हे मी धरूनच चालतो. पस्तीस वर्षं.” मास्तरीणबाईंनाही कळलं होतं. त्यांना वाटलं, सरांचा ओठ फुटलाय, आज नको सांगायला. ड्रमवाल्याला वाटलं धूनच तशी आहे.

मग रेकॉर्डिंगच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, “त्यात काय, सर? एक आवर्तनभर शांतता मध्ये घालून देते. दोन मिनिटांचं काम आहे. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

कुणाला कळणारसुद्धा नाही, हे मी एकतीस वर्षांपूर्वी माझ्याच तोंडाने त्या रेकॉर्डिस्टला म्हटलं होतं. अगदी याच शब्दांत. खोटं नाही सांगत, मोह झाला. तुला पुरी चार मिळाली असती. पण ती मी दिलेली नसती. मी तर तीनच दिली, आणि तीही ओठ फुटला म्हणून. मी तिला म्हटलं, नको. लोकांना तीनच ऐकू दे. ज्याला मोजता येतं त्याला कळेल की म्हाताऱ्याला दम निघाला नाही.

पुन्हा वाजवून दुरुस्त करणं आता होणार नाही. टाके निघाले, ओठ दिसायला बरा आहे, पण परवा ट्रम्पेट लावून बघितला आणि पेटीत ठेवून दिला. वाईट वाटतं. खूप वाटतं. सकाळी उठलो की तोंड अजूनही आपोआप तसं होतं. पण त्याचं रडगाणं तुझ्यापुढे गायचं म्हणजे निर्लज्जपणा होईल.

कार्डावर तू दादा लिहिलंस. ते मी पहिल्यांदा वाचलंच नव्हतं, तीनच्या रागात. संध्याकाळी पुन्हा हातात घेतलं तेव्हा दिसलं.

मी येतोय. रविवारी, सकाळच्या गाडीने. ट्रम्पेट आणत नाही. तुझ्या खोलीत पियानो आहे आणि तू झाकण उघडत नाहीस असं ताई म्हणाली. मीही उघड म्हणणार नाही. तू एका हाताने काही लावलंस तर ऐकेन. नाही लावलंस तरी बसेन.

तुझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि खुर्चीतून उठून दारापर्यंत यायला तुला बराच वेळ लागतो, हेही ती म्हणाली. मी बेल एकदाच वाजवीन. मग जिन्यात उभा राहीन. तू सावकाश ये. सोळात होत नसेल तर बत्तीस घे, चौसष्ट घे. मी पुन्हा बेल वाजवणार नाही.

दादा